कांद्यावरचं निर्यातशुल्क: ढाक्याला आधी सांगायचं की नाही?

चाळकरी (चाळीत म्हणजे हवेशीर कोठारात कांदा साठवणारा शेतकरी): सप्टेंबर 2019 च्या शेवटी आपण कांद्याची निर्यात बंद केली. पुढच्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. स्वयंपाक्याला कांदा न घालता जेवण करायला सांगितलंय, असं त्या हसत म्हणाल्या, आणि पुढच्या वेळी आधी कळवा, असंही. पुढची वेळ म्हणजे 14 सप्टेंबर 2020. एका रात्रीत बंदी, ट्रक सीमेवर उभे. ढाक्यानं लेखी नाराजी कळवली, मग दिल्लीनं 25 हजार टन सोडला. 2023 च्या ऑगस्टमध्ये 40 टक्के शुल्क, डिसेंबरात पुन्हा बंदी. मे 2024 मध्ये बंदी उठली ती टनाला 550 डॉलर किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के शुल्क घेऊनच. शुल्क पूर्ण गेलं 1 एप्रिल 2025 ला. शुल्क लावायचं तर लावा, पण कुठल्या भावाला सुरू आणि कुठल्या भावाला बंद, हे गिऱ्हाईक देशाशी बसून आधी ठरवा.

डोंबिवलीकर: आधी सांगा म्हणजे व्यापाऱ्यांना आवतण द्या! पंधरा दिवस मिळाले की चांगला माल सगळा बंदरावर, आम्हा खाणाऱ्यांना उरलेली गोल्टी, म्हणजे बारीक कांदा. आणि बिघडलं काय? गॅट, म्हणजे जागतिक व्यापार कराराच्या कलम 11 मध्ये निर्यातशुल्काला मनाई नाहीच. बंदीसुद्धा अन्नटंचाईत तात्पुरती चालते. ढाक्याची नाराजी गेली उडत.

चाळकरी: कलम बरोबर आहे हो. पण कलम दाखवून गिऱ्हाईक टिकत नाही. डिसेंबरात लाल कांदा असतो, तो चाळीत ठेवता येत नाही. सरकार विचार करेपर्यंत त्याला कोंब फुटतात.

कंटेनरवाला: निर्यातदार म्हणून बोलतो. 40 टक्के शुल्क मालाच्या किमतीवर लागतं, आमच्या नफ्यावर नाही. दुबईचा माणूस त्या दराला पाकिस्तानचा कांदा घेतो. एकदा तिकडे वळला की नंतर नुसते फोन करत बसायचं.

डोंबिवलीकर: सरकारनं डिसेंबर 2023 च्या बंदीतही वाट ठेवली होती की! बांगलादेश, यूएई, भूतान, बहारीन, मॉरिशस, श्रीलंका, सहा देशांना 99,150 टन. राजदूतांनी मागितलं, दिल्लीनं दिलं. ह्यालाच वाटाघाट म्हणतात.

कंटेनरवाला: ती वाट एनसीईएल या राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेसाठी होती, आमच्यासाठी नाही. त्यात गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला 2,000 टनांची वेगळी परवानगी! नाशकात त्या आठवड्यात काय बोलणं चाललं होतं ते इथे लिहिता येणार नाही.

चाळकरी: आणि त्या 99,150 टनांच्या कोट्याचा भाव लिलावात बसलेल्याला कळलाच नाही. देश देशाशी बोलले, माझ्या वक्कलाशी, लिलावातल्या ढिगाशी, कोण बोललं?

डोंबिवलीकर: बरं, पांढऱ्या कांद्याचं मलाही पटलं नव्हतं. पण आकडा सांगा ना. किरकोळ बाजारात किलोला किती झाले की शुल्क लावायचं?

चाळकरी: किरकोळचा भाव धरायचाच कशाला? लासलगावच्या लिलावातला धरा. तिथून तुमच्या पिशवीत येईपर्यंत मध्ये किती जातं, तेही मोजायला बसू.

डोंबिवलीकर: म्हणजे आकडा नाहीच.