वाचनाचे संकल्प आणि घरातली खटपट: तुमचे अनुभव लिहा

निवांत दुपार

भिंतीवरची जुनी फळी काढताना मागे अडकलेली एक वही खाली पडली. बाबांची. वाचलेलं प्रत्येक पुस्तक ते तिच्यात टिपून ठेवायचे. लहानपणी मी तिच्यावर रेघोट्या मारल्यात, पण नीट वाचली ती आत्ताच. क्रमांक नाहीत, तारखा नाहीत. पुस्तकाचं नाव आणि पुढे एखादा शब्द. 'पुन्हा.' 'पुरे.' 'हिला द्यावे.' (ही म्हणजे आई.) एका जाडजूड ग्रंथापुढे नुसतंच 'झोप.' तोच ग्रंथ काही पानांनंतर परत आलाय, तिथे 'जाग.'

आणि इकडे मी. जानेवारीत फोनमधल्या अ‍ॅपला आकडा सांगायचा आणि वर्षभर त्याच्याकडून 'तुम्ही दोन पुस्तकं मागे आहात' ऐकून घ्यायचं. मागे म्हणजे कुणाच्या मागे, देव जाणे.

यंदा आकडा टाकलाच नाही. ठरवलंय एवढंच की आवडेल ते वाचायचं आणि जोडीला घरातलं कधी न केलेलं एखादं काम स्वतःच्या हाताने करून बघायचं. नवी फळी बसवणं हे पहिलं. तुमचे संकल्प काय होते, टिकले की बारगळले? घरात नवीन काय करून पाहिलंत? विस्कळीत लिहिलं तरी चालेल.

खटपट्या

फळी किती लांब? जाडी? मध्ये ब्रॅकेट आहे का?

निवांत दुपार

अहो खटपट्या, श्वास तरी घ्या :) चार फूट. दोन टोकांना दोन ब्रॅकेट. जाडी मोजून सांगते.

खटपट्या

बापरे. पुस्तकं ठेवू नका अजून. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता कामावर आहे.

पान नंबर तेरा

पुस्तकांचा आकडा नको, पानांचा ठेवा. रोज दहा पानं म्हणजे वर्षाला ३,६५०. अडीचशे पानी पुस्तक धरलं तर चौदाच्या वर पुस्तकं होतात, तीही दमछाक न होता. आकडाच नको म्हणणाऱ्या धागाकर्तीला मी पुन्हा आकडाच सांगतोय, पण काय करणार, स्वभाव.

पुस्तकं मोजली की डिसेंबरात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. माणूस दुकानात, वाचनालयात पुस्तक उचलतो आणि आधी त्याची जाडी बघतो. पानं मोजली की जाडजूड पुस्तकांची भीती जाते. कवितासंग्रहाचं मात्र जमत नाही. दहा कविता दहा मिनिटांत 'संपतात' आणि खरं तर एकही संपलेली नसते.

तिरकस

मी मुखपृष्ठं मोजतो. या वर्षी बरीच झाली.

आजी ऑनलाइन

छान धागा गं. बाबांची वही जपून ठेव.

माझा संकल्प सोप्पा. नॅन्सी पर्ल नावाच्या अमेरिकेतल्या एक ग्रंथपाल बाई आहेत, त्यांचा नियम. कुठल्याही पुस्तकाला पन्नास पानं द्यायची, तोवर नाही रुचलं तर खुशाल मिटायचं. आणि तुमचं वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करायचं, उरतील तेवढीच पानं. मी एकाहत्तर, म्हणजे मला एकोणतीस पानं. दरवर्षी एक पान सूट मिळते. म्हातारपणाचे फायदे कोणी सांगत नाही ते हे.

हा नियम कळायच्या आधी मी हातात घेतलेलं पुस्तक संपवायचंच म्हणून वर्षानुवर्षं कंटाळवाणी पुस्तकं रेटली. नवीन काम म्हणशील तर नातवाने फोनवर मराठी टाइप करायला शिकवलं. हेच ते.

कोरी पाटी

आजी, म्हणजे शंभरी गाठली की नुसतं मुखपृष्ठ बघून 'नको' म्हणता येणार?

आजी ऑनलाइन

हो! बाईंनी स्वतःच तसं म्हटलंय. तिरकसराव आधीच शंभरीला पोचलेले दिसतात.

तिरकस

:) दंडवत आजी.

दाभण-दोरा

माझं थोडं लांबेल, आधीच सांगते. डबे भरून झालेत, वेळ आहे.

माझा संकल्प असा की नवं पुस्तक आणायच्या आधी घरातलं एक मोडकं पुस्तक दुरुस्त करायचं आणि दुरुस्त केलेलं वाचायचंच. सुरुवात चिकटपट्टीने फाटकी पानं जोडण्यापासून होणार होती, पण एका बाइंडरकाकांनी दटावलं. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांनी पिवळा पडतो, कागदात मुरतो, पट्टी गळून पडते आणि डाग तेवढा राहतो. फाटलेल्या जागी पातळ, लांब तंतूंचा कागद आणि पिठाची खळ. खळ पाण्याने सुटते, त्यामुळे पुढे कुणाला ते काम उसवून पुन्हा नीट करायचं असेल तर करता येतं.

मग पुस्तक उघडून बघायची सवय लागली. जुनी पुस्तकं फर्म्यांची असतात. मोठ्या कागदावर छापून घड्या घालत घालत सोळा पानांचा एक फर्मा, असे फर्मे एकावर एक ठेवून घडीतून शिवायचे. पाठीकडून वर बघितलं की छोट्या छोट्या घड्यांच्या जुड्या दिसतात. असं पुस्तक खिळखिळं झालं तर दोरा बदलून पुन्हा शिवता येतं. दाभणाने जुन्याच भोकांतून जायचं, नवी पाडायची नाहीत.

हल्लीची बरीच पुस्तकं शिवलेलीच नसतात. घड्या कापून सुटी पानं पाठीला गरम डिंकाने चिकटवलेली. ती सुटली की सगळी पानं नीट ठोकून सारखी करायची, दोन पुठ्ठ्यांमध्ये पाठ जरा बाहेर ठेवून धरायची, पानं पंख्यासारखी एका बाजूला कलंडवून कडेला पांढरा डिंक लावायचा, मग दुसऱ्या बाजूला कलंडवून पुन्हा. म्हणजे प्रत्येक पानाच्या दोन्ही अंगांना डिंकाची बारीक रेघ बसते. वर कापडाची पट्टी आणि रात्रभर वजनाखाली.

अजून एक, कागदाच्या तंतूंना दिशा असते. कागद न मोडता हलकेच दुमडून दाबून बघा, एका दिशेने तो सहज वाकतो, दुसऱ्या दिशेने कुरकुरतो. सहज वाकतो ती घडी पुस्तकाच्या पाठीला समांतर यायला हवी. नाहीतर खळीच्या ओलाव्याने पुठ्ठा धनुष्य होतो आणि पानं उलटताना ताठ उभी राहतात.

यात वाचन कुठे आलं? डिंक वाळायची वाट बघताना मधलंच एखादं पान वाचलं जातं, मग पुढचं, मग मागचं. एक आख्खी कादंबरी मी अशी मधून दोन्ही टोकांकडे वाचली. खून कोणी केला ते आधी कळलं, मेलं कोण ते नंतर.

निवांत दुपार

दाभण-दोरा ताई, शेवटचं वाक्य!! बाबांच्या वहीची पण पाठ सुटलीय. पानं रेघी वहीची आहेत, मध्ये पिना.

दाभण-दोरा

पिना गंजल्या असतील तर आधी त्या काढ गं. ओढू नकोस, मागून पाय सरळ करून अलगद उचल. गंज कागद खातो. त्याच भोकांतून दोरा घाल. भोकं तीन असतील तर मधल्यातून सुरुवात करून मधल्यातच गाठ.

एका हाताने

बाळ मांडीवर आहे म्हणून एका हाताने टाइप करतेय, चुका पोटात घाला

मी या वर्षी एकही पुस्तक हातात धरलं नाही पण ऐकली भरपूर. रात्री पाजताना, कपडे घडी करताना. हे धरायचं का वाचनात??

पान नंबर तेरा

धरा की. पानं कशी मोजायची तेवढं सांगा.

तिरकस

ऐकणं ते ऐकणं, वाचणं ते वाचणं. कीर्तनाला जाऊन आलो की कोणी 'ग्रंथ वाचून आलो' म्हणत नाही.

आजी ऑनलाइन

आमच्या ह्यांची नजर अधू झाल्यापासून ते ऐकतातच. परवा माझ्याशी एका पात्रावरून तासभर भांडले. मी तेच पुस्तक डोळ्यांनी वाचलेलं. भांडणात ते जिंकले. मग आता बोला.

तिरकस

माघार.

एका हाताने

आजी थँक्यू. झोपलं बहुतेक, पळते

खटपट्या

आलो. फळीचं ऐका.

पुस्तकं फार जड असतात. उभी लावलेली पुस्तकं एका मीटरला सहज वीस-तीस किलो भरतात. आता भार सारखा पसरलेला असेल तर फळीचा वाक दोन आधारांमधल्या अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. अंतर दुप्पट केलं की वाक सोळापट. उलट जाडी दुप्पट केली की वाक आठवा हिस्सा. म्हणून जाड फळी आणण्यापेक्षा मध्ये एक आधार देणं स्वस्त पडतं. तुमची चार फुटी फळी आहे, मधोमध एक ब्रॅकेट वाढवा आणि निवांत झोपा. अठरा मिलिमीटरच्या पार्टिकल बोर्डाला (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) तर दोन फुटांच्या पुढे मोकळं सोडूच नये.

दुसरं म्हणजे पुस्तकं काही पाहुणी नाहीत, ती तिथे वर्षानुवर्षं बसणार. लाकूड कायमच्या भाराखाली हळूहळू वाकतच राहतं आणि भार काढला तरी पूर्ण सरळ होत नाही. जुन्या फळीला पोट आलं असेल तर उलटी करून लावा, काही वर्षं पुढे ढकलली जातात.

भोक पाडताना ड्रिलच्या बिटवर जिथपर्यंत आत जायचंय तिथे चिकटपट्टी गुंडाळा, खोली चुकत नाही. स्विचच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक नको, वायर बहुधा तिथूनच गेलेली असते. भोकाच्या खाली एक कागद दुमडून चिकटवा, धूळ त्यात पडते. लेव्हल वापरा, डोळ्यावर विश्वास ठेवू नका.

वाचनाचं काय विचारलंत? सूचनापत्रकं. मी ती पूर्ण वाचतो. घरात एकटाच.

निवांत दुपार

जाडी मोजली, अठराच आहे :( तिसरा ब्रॅकेट आणते. पुस्तकं तोवर जमिनीवर.

रात्रपाळी

जमिनीवर नको. कसर आणि ओल दोन्ही लागते.

माझं वाचन नोकरी लागल्यावर बंदच झालं होतं. इच्छा असायची, दोन परिच्छेद झाले की हात फोनकडे. संकल्प वगैरे काही केला नाही, फक्त चार्जर स्वयंपाकघरात हलवला आणि उशाशी पुस्तक ठेवलं. आणि नवीन काही वाचायचा हट्ट सोडला. शाळेत असताना आवडलेली पुस्तकंच परत काढली. गोष्ट माहीत असते त्यामुळे दमलेल्या डोक्याला ओझं होत नाही, आणि तेव्हा ज्या पात्राचा राग यायचा त्याचं आता पटतं. त्याच पुस्तकांनी सवय परत लावली. आता नवीनही वाचतो. ड्युटी संपल्यावर पहाटे, सगळे झोपेत असताना.

घरात नवीन काम: खिडकीला जाड पडदे शिवले. दिवसा झोपता यावं म्हणून. हाताने शिवलेत, टाके बघू नका.

कोरी पाटी

रात्रपाळी +१, परत वाचण्यासारखं सुख नाही.

मी गळका नळ दुरुस्त केला! रात्री टप टप टप, त्यात वाचणार काय. आधी मुख्य व्हॉल्व्ह बंद, मग सिंकच्या भोकात फडकं कोंबलं म्हणजे स्क्रू आत जाणार नाही. नळ उघडला तर आत रबरी वॉशर पार चपटा होऊन चिरलेला. त्याच मापाचा नवीन घातला, दहा मिनिटांचं काम. आई बाबांना सांगत होती 'बघा, पोरीने केलं.' बाबा पेपर वाचत होते.

खटपट्या

शाब्बास! दुसरा नळ अर्ध्या फेऱ्यात उघडणारा असेल तर त्यात वॉशर नसतो, चिनी मातीच्या चकत्यांचा स्पिंडल (आतला फिरणारा भाग) असतो. तो आख्खा बदलायचा. जुना सोबत घेऊन जा, माप जुळायला हवं.

निवांत दुपार

रात्रपाळी, कसर आहेच हो. चंदेरी, सुळकन पळणारी. बाबांच्या पुस्तकांत. काय करू?

दाभण-दोरा

तिला ओल आणि खळ आवडते. म्हणून पाठीशी आणि पुठ्ठ्यात सापडते. आधी जागा कोरडी कर, फळी बाहेरच्या ओल्या भिंतीला नको. ज्यात आहे ती पुस्तकं हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये, निदान दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नकोस. पुस्तक खोलीइतकं गरम होऊ दे, नाहीतर बाहेरच्या दमट हवेचं पाणी पानांवर बसतं. मग मऊ ब्रशने झाडून घे.

तिरकस

फ्रीजरमध्ये ग्रंथ. पाहुण्यांना काय सांगायचं?

पान नंबर तेरा

'थंड डोक्याने वाचतो' म्हणायचं.

आजी ऑनलाइन

अरे देवा.

वाचनमात्र

नेहमी वाचनमात्र असतो, आज लिहितोय. वाखु (वाचनखूण) साठवली. अवांतर: खटपट्या, तुम्ही सांगितलेलं भोक साध्या ड्रिलने पडेल का? माझ्याकडे हॅमरवालं नाही. भिंत विटांची आहे.

खटपट्या

विटेत पडेल, वेळ लागेल. बिट मात्र दगड-विटांसाठीचीच हवी, टोकाला जाड पातं असलेली. लाकडाची लावलीत तर तिची धार जाईल. सहा मिलिमीटरच्या प्लगला (स्क्रूसाठी भोकात बसवायची प्लास्टिकची खुंटी) सहाचीच बिट. जोर करू नका, मध्ये मध्ये बाहेर काढून धूळ झाडा. काँक्रीटचा खांब किंवा बीम लागला तर थांबा आणि कुणाचं तरी हॅमरवालं ड्रिल मागून आणा.

रात्रपाळी

आणि कृपा करून दुपारी दोन ते पाच नको. खालच्या मजल्यावर कुणीतरी झोपलेलं असतं.

वाचनमात्र

नोंद घेतली. रविवारी सकाळी अकरा?

रात्रपाळी

चालेल.