व्हेराक्रिप्टचा कंटेनर माउंट होतो, पण विंडोज फॉरमॅट करायला सांगतंय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरच्या विंडोज कॉम्प्युटरला लावलेल्या यूएसबी डिस्कवर माझा व्हेराक्रिप्टचा (फाइली कुलूपबंद ठेवणारा प्रोग्रॅम) ६० जीबीचा कंटेनर, म्हणजे पासवर्ड टाकला की ड्राइव्हसारखी उघडणारी एकच मोठी फाईल, आहे. त्यात बाबांच्या हस्तलिखित वह्यांचे स्कॅन आहेत. बाबा आता नाहीत, मूळ वह्या वाळवीने खाल्ल्या. बॅकअप आठ महिन्यांपूर्वीचा, म्हणजे शेवटच्या नऊ वह्या त्यात नाहीत.

परवा कंटेनर माउंट (ड्राइव्ह म्हणून उघडलेला) असतानाच केबल निघाली. आता पासवर्ड टाकला की एम ड्राइव्ह दिसतो, पण उघडायला गेलं की खिडकी येते: वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल. प्रत्येक वेळी रद्द करतेय, हात थरथरतो.

विंडोजचं डिस्क तपासणारं चेकडिस्क म्हणतं, फाइल सिस्टिम (डिस्कवरच्या फाइलींची मांडणी) रॉ, म्हणजे ओळखता न येणारी आहे, तपासता येणार नाही. केबल बदलली, दुसऱ्या लॅपटॉपवर लावून बघितलं, फरक नाही. कंटेनरच्या शेवटी जो राखीव हेडर (कुलूप उघडायची किल्ली ज्यात असते तो भाग) असतो तो वापरूनही माउंट केलं, तरी रॉच.

हेडर रिस्टोअर करू का? की किल्लीच बिघडलीय आणि आतलं सगळं गेलं? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, फॉरमॅट केलं नाहीत ते फार बरं केलंत. हेडरला हात लावू नका. पासवर्ड चालतोय म्हणजे हेडर शाबूत आहे आणि किल्लीही मिळतेय, नाहीतर माउंटच झालं नसतं. दुखणं आतल्या एनटीएफएसचं, म्हणजे विंडोजच्या फाइल सिस्टिमचं आहे. व्हेराक्रिप्टच्या एक्सटीएस या कुलूप लावायच्या पद्धतीत एखादा सेक्टर (डिस्कवरचा छोटा तुकडा) बिघडला तर तेवढाच जातो, शेजारचे नीट उलगडतात. त्यामुळे वह्या आत असण्याची शक्यता भरपूर आहे.

आधी कंटेनरची पूर्ण फाईल दुसऱ्या चांगल्या डिस्कवर कॉपी करा आणि दोन्हीकडचा आकार बाइटपर्यंत जुळवा. कॉपी मध्येच अडकली तर तिथेच थांबा आणि इथे कळवा, कारण मग डिस्कच खराब होत असेल. यापुढे जे काय कराल ते त्या प्रतीवरच.

प्रत माउंट करून टेस्टडिस्क हा डिस्क दुरुस्तीचा प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. यादीत एम ड्राइव्ह निवडा, यूएसबी डिस्क नव्हे. कंटेनरला पार्टिशन टेबल नसतं म्हणून प्रकार 'नन', मग 'ॲडव्हान्स्ड', मग 'बूट'. एनटीएफएस आपल्या बूट सेक्टरची (मांडणीची माहिती असलेला पहिला सेक्टर) एक प्रत व्हॉल्यूमच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवतं. पहिला 'बॅड' आणि बॅकअप 'ओके' दिसला तर 'बॅकअप बीएस' दाबा. दोन्ही बॅड असतील तर याच एम ड्राइव्हवर फोटोरेक हा हरवलेल्या फाईली शोधणारा प्रोग्रॅम चालवा. त्यात फाईलींची नावं जातात, चित्रं मिळतात.

ताजी माहिती

कॉपी व्हायला रात्र गेली, आकार जुळला. टेस्टडिस्कमध्ये अगदी तुम्ही लिहिलंत तेच दिसलं: बूट सेक्टर बॅड, बॅकअप ओके. 'बॅकअप बीएस' दाबलं, कंटेनर डिसमाउंट करून परत माउंट केला आणि फोल्डर उघडले! नऊपैकी आठ वह्या पानापानाने बघितल्या, अक्षर स्पष्ट आहे. नवव्या वहीची शेवटची चार पानं उघडत नाहीत. केबल निघाली तेव्हा तीच सेव्ह होत होती.

सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतेय. ते झालं की याच प्रतीवर चेकडिस्क चालवते. ती चार पानं त्यातून मिळतील, की आधी फोटोरेक करू?