कंपनीतले जुने कॉम्प्युटर भंगारात द्यायचे का? (उद्यमबाग, बेळगाव)

उद्यमबागचा स्टोअरवाला
नमस्कार मंडळी. मी एका मशीन शॉपमध्ये स्टोअर बघतो. माळ्यावर ३५-४० जुने कॉम्प्युटर पडून आहेत, त्यातले निम्मे डबा मॉनिटरवाले, वर दोन प्रिंटर आणि यूपीएसच्या बॅटऱ्या, पत्रा गळूलालाय म्हणून मालक म्हणतात या महिन्यात काढा, किलोला जो जास्त देईल त्याला द्या. भंगारवाला रोज फोन करूलालाय. पण माझं मन होईना, नाल्याकडेला वायरी जाळताना मी स्वतः बघितलंय, काळा धूर आणि बाजूलाच पोरं खेळत होती. मालक माणूस वाईट नाही हो, त्यांना हे कुणी सांगितलेलंच नाही. कसं सांगू, आणि माल द्यायचा कुणाला?

टिळकवाडी आयटी
दादा, आधी हार्ड डिस्क काढून घ्या. त्यात कस्टमरची ड्रॉइंग आहेत, कोटेशनचे रेट आहेत, आणि नुसतं फॉरमॅट मारून ते जात नाही, परत काढता येतं. मालकांना हेच पहिलं सांगा, लगेच ऐकतील. तुमच्याकडे ड्रिल मशीन आहेच, प्रत्येक डिस्कला आरपार दोन-तीन भोकं पाडा. नियमाचं म्हणाल तर २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात वर्षात कधीही १००० किंवा जास्त इलेक्ट्रिक-इलेक्ट्रॉनिक वस्तू वापरणारा तो बल्क कंझ्युमर, त्याने नोंदणी असलेल्यालाच माल द्यायचा. तुम्ही त्यात बसत नाही. आधीच्या २०१६ च्या नियमात कंपन्या वस्तूंचा आकडा न बघता बल्क कंझ्युमर धरलेल्या होत्या, आणि मला तरी तेच बरोबर वाटतं, कारण उद्यमबाग, मच्छे इथे सगळे छोटेच आहेत, मग सगळ्यांचा मिळून माल जाणार कुठे?

खानापूरची ताई
माझा भाऊ दोन वर्षं भंगाराच्या गोडाऊनला होता. डबा मॉनिटर फोडून तांब्याची कॉइल घ्यायची आणि काच तशीच टाकायची, त्या काचेत शिसं असतं. आतले सर्किट बोर्ड धातू काढायला ॲसिडमध्ये बुडवायचे, हातात ग्लोव्हज नाहीत, त्याच्या बोटांची कातडी निघालेली मी बघितलीय. जास्त रेट देणारा ते पैसे यातूनच काढतो. भंगारवाल्याला शिव्या देऊ नका, त्याचं पोट आहे त्यावर, पण बोर्ड आणि मॉनिटर त्याला देऊ नका एवढीच विनंती.

निपाणीकर
आम्ही गेल्या वर्षी केलं. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी असलेल्या रिसायकलरची यादी आहे, कर्नाटकातले बरेच बंगळूरकडचे, चाळीस नगासाठी तिथनं गाडी यायला कोणी तयार होईना. मग शेजारच्या पाच युनिटना विचारलं, प्रत्येकाच्या माळ्यावर तेच, सगळ्यांचा मिळून एक टेम्पो भरला. वजनाची पावती आणि रिसायकलिंगचं सर्टिफिकेट मागून घ्या, आणि नोंदणी नंबर पोर्टलवर स्वतः तपासा, नुसत्या व्हिजिटिंग कार्डवर विश्वास नको. बॅटऱ्यांचे नियम वेगळे आहेत, त्या बॅटरी डीलरलाच परत द्या, नवीन घेताना पैसे कमी होतात. आतलं ॲसिड गटारात ओतू देऊ नका.

उद्यमबागचा स्टोअरवाला
ड्रॉइंगचं ऐकून मालक थांबले बघा, भंगारवाल्याला आजच नको म्हणून सांगितलं. लाइनमधल्या तीन युनिटचा माल पण निघतोय. उद्यमबाग-मच्छेतले अजून कोणी असतील तर इथेच लिहा, टेम्पो एकच करू.