रॅम द्यायची नाही तर देऊ नका, लिमिट कशाला लावता?

ऐरोलीकर:
काल इथे एकाने छातीठोकपणे सांगितलं की ईएसएक्सआयवर (एकाच होस्टवर, म्हणजे फिजिकल सर्व्हरवर, अनेक व्हीएम चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) प्रत्येक व्हीएमला (व्हर्च्युअल मशीनला) मेमरी लिमिट लावा, म्हणजे कोणी दुसऱ्याची रॅम खाणार नाही. अहो, ते लिमिट आतल्या विंडोजला दिसतच नाही! 16 जीबी दिलेत नि लिमिट 8 वर, तर ते 16 धरूनच चालतं. 8 च्या वर गेलं की होस्टवर ढीगभर रॅम रिकामी असली तरी बलून (व्हीएमच्या आत बसून तिची रॅम होस्टसाठी काढून घेणारा ड्रायव्हर) फुगणार, आणि तो ज्यातून येतो ती व्हीएमवेअर टूल्स नसतील तर थेट डिस्कवरची स्वॅप फाइल, म्हणजे रॅमऐवजी संथ डिस्क. महापेला एका क्लायंटचा बिलिंग सर्व्हर असाच रखडत होता, सीपीयू निवांत, शिव्या नेटवर्कवाल्यांना, आणि निघालं काय तर टेम्प्लेटमध्ये कोणीतरी लावून ठेवलेलं लिमिट, त्यावरून काढलेल्या प्रत्येक मशीनमध्ये उतरलेलं. 8 च द्यायचे तर 8 च कॉन्फिगर करा ना.

वागळे इस्टेट:
बोलायला सोपंय. रॅम कमी करायला मशीन बंद करावं लागतं, डाउनटाइम कोण देतो? लिमिट चालू मशीनवर बदलता येतं. व्हेंडर 64 जीबी लिहून देतो, वापरतो 12, बाकीची परत कशी घ्यायची ते सांगा.

घणसोली डीबीए:
व्हेंडरचं सोडा, आम्ही डेटाबेस सांभाळणारे विचारतो, एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) किती रॅम घेईल ते ठरवणारं मॅक्स सर्व्हर मेमरी किती जण बघतात? डिफॉल्ट 2147483647 एमबी, म्हणजे मिळेल तेवढं घे. तुम्ही बाहेरून गळा आवळायचा आणि वर म्हणायचं डेटाबेस स्लो आहे.

वागळे इस्टेट:
डीबीएंनी तर बोलूच नये. लॉक पेजेस इन मेमरी (डेटाबेसची रॅम विंडोजला काढून घेऊ न देणारं सेटिंग) लावून बसता, बलूनच्या हाताला काही लागत नाही, होस्ट स्वॅप करतो आणि रात्री फोन आम्हाला!

घणसोली डीबीए:
ते लावलं की पूर्ण रिझर्वेशनही (त्या व्हीएमसाठी होस्टवर राखून ठेवलेली रॅम) द्यायचं असतं. मागितलं की तुम्हीच म्हणता होस्टवर जागा नाही. रॅमला पैसे नाहीत म्हणणारे साहेब लोक ब्रॉडकॉमचं (व्हीएमवेअर आता त्यांचंच) पर-कोर लायसन्स, सीपीयूच्या प्रत्येक कोरमागे पैसे, मात्र मुकाट्याने भरतात, तिथे कोणी तोंड उघडत नाही.

ऐरोलीकर:
लायसन्सचं नंतर भांडा. पुढचा डाउनटाइम मिळेपर्यंत तात्पुरतं लिमिट, एवढं मान्य, तेही नाइलाजाने. पण 12 हा आकडा आणलात कुठून? व्हीसेंटरची (सगळे होस्ट सांभाळायचं व्हीएमवेअरचं टूल) ॲक्टिव्ह मेमरी म्हणजे सँपलिंगचा अंदाज, डेटाबेसने भरून ठेवलेली पण सध्या न चाळलेली कॅशे त्यात येत नाही. मशीनच्या आत जाऊन बघितलंत का?

वागळे इस्टेट:
ॲप टीम लॉगिन देत नाही. त्यांनी दिलं की बघतो, तोवर लिमिट निघणार नाही.