दुकानाच्या इन्स्टाचा पासवर्ड चौघांकडे, सुरुवात कुठून करू?

टॉवेलवाला_अक्कलकोट_रोड:
मंडळी, आमचं सोलापुरात चादर-टॉवेलचं घरचं दुकान. आता निम्म्या ऑर्डरी इन्स्टा नि व्हॉट्सॲपवरनंच येतात. इन्स्टाचा पासवर्ड माझ्याकडे, धाकट्या भावाकडे, रील करून देणाऱ्या पोराकडे आणि काउंटरच्या वहीत. ते पोर गड्डा यात्रा संपली तसं काम सोडून पुण्याला गेलं. भाऊ म्हणतो टू-स्टेप लाव, म्हणजे पासवर्डनंतर ओटीपी पण लागतो. पण ओटीपी येणार माझ्या मोबाईलवर, आणि मी वसुलीला बार्शीकडं गेलो की दुकानात सगळे हात बांधून बसणार. वडिलांचं वेगळंच, "वही पेटीत ठेव, मोबाईलवर काही ठेवू नको." त्यात शेजारच्या दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवरनं परवा सगळ्यांना पैसे मागणारे मेसेज आले. काय करावं कळंना.

नवीपेठ_मोबाईल_दुरुस्ती:
मालक, इन्स्टा राहू द्या बाजूला, आधी जीमेल. "पासवर्ड विसरलो" दाबलं की नवा पासवर्ड करायची लिंक येते ईमेलवर. म्हणजे जीमेल ज्याच्या हातात, दुकान त्याच्या हातात. गुगल खात्यात "सुरक्षा" उघडा, "तुमची डिव्हाइस" बघा, विकलेला जुना फोन दिसला तर साइन आउट करा. रिकव्हरीला, म्हणजे खातं परत मिळवायला, कुठला नंबर आहे तेही बघा. बंद पडलेल्या सिमचा नंबर कंपनी पुढं दुसऱ्याला देते, आणि लोकांच्या खात्यात तोच नंबर वर्षानुवर्षं पडून असतो.

मग इन्स्टा. पासवर्ड बदला आणि बाकी सगळीकडनं लॉग आउट करा. टू-स्टेपला एसएमएस नको, ऑथेंटिकेटर ॲप घ्या. त्यात दर ३० सेकंदाला नवा कोड येतो, रेंज नसली तरी. सेटिंग करताना जो क्यूआर दिसतो तो तुमच्या फोनवर स्कॅन करा आणि तिथंच भावाच्या फोनवर पण. दोघांकडं एकच कोड दिसतो, तुम्ही बार्शीत का असेना. शेवटी बॅकअप कोड मिळतात, फोन हरवला तर उपयोगी पडणारे, ते कागदावर उतरवून पेटीत. वडील बरोबरच बोलतात की ओ! हॅकर काय तुमच्या पेटीपर्यंत येत नाही. काउंटरची वही मात्र येणारा-जाणारा चाळतो.

पासवर्ड लांब ठेवा, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द, आणि जीमेलचा वेगळा, इन्स्टाचा वेगळा. माझ्याकडं फोन दुरुस्तीला येतात त्यातले कितीतरी पासवर्ड सिद्धेश्वर नि पुढं जन्मसाल. देवावर भार टाकावा, पण एवढा नको.

निवृत्त_बँकवाली:
शेजाऱ्यांचं काय झालं असेल सांगते. कुरिअरवाला म्हणून फोन येतो, "पार्सल अडकलंय, *२१* लावून पुढं हा नंबर दाबा." दाबलं की तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात. मग तो व्हॉट्सॲपचा कोड कॉलवर मागवतो आणि खातं त्याच्या फोनवर सुरू. शंका आली तर ##००२# लावा, वळवलेले सगळे कॉल बंद होतात. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये टू-स्टेपचा ६ अंकी पिन आजच घाला, नुसत्या कोडवर मग काम भागत नाही. आणि लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, आली तर उघडायची नाही, सख्ख्या मामानं पाठवली तरी. त्याचाच फोन हॅक झालेला असतो. कुणी पैसे पाठवून बसलं असेल तर त्यांना लगेच १९३० वर, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायला सांगा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरायच्या आत तक्रार गेली तर अडवता येते, उद्यावर टाकू नका.

टॉवेलवाला_अक्कलकोट_रोड:
जीमेल झालं. भाऊ समोर बसलाय, दोन्ही फोनवर कोड दिसतोय. पण व्हॉट्सॲपच्या "लिंक केलेली डिव्हाइस"मध्ये विंडोज दिसतंय. आमच्याकडं कॉम्प्युटरच नाही.

नवीपेठ_मोबाईल_दुरुस्ती:
रीलवाल्या पोराचा लॅपटॉप असेल, नसेलही. फोन करून विचारत बसू नका. यादीतल्या त्या विंडोजवर बोट ठेवा, लॉग आउट दाबा. मग पिन घाला.