अकरावीतल्या मुलीसाठी ऑनलाइन कॉलेज कोर्स: ४२,००० भरू का?

शिलाई_बार्शी

नमस्कार. मी बार्शीत घरीच ब्लाऊज शिवते आणि फॉल-पिको करते. थोरली लेक अकरावी सायन्सला आहे. दहावी सेमी इंग्रजीतून झाली, गणितात ९१ पडले. आमच्याकडे दहावीला बरे मार्क पडले की मुलांना नीटच्या क्लासला लातूरला टाकतात. ती म्हणाली, मला डॉक्टर व्हायचं नाही. मी जबरदस्ती केली नाही.

तिला कॉम्प्युटरचं वेड आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिने माझी तीन वर्षांची पावतीपुस्तकं मोबाइलवर एक्सेलमध्ये उतरवून काढली. कुठल्या महिन्यात किती ब्लाऊज आले, कोणाची किती बाकी राहिली, सगळं. मग मला शेजारी बसवून दाखवलं की माझी सर्वांत जास्त बाकी लग्नसराईत तुंबते, आणि नेमकी त्याच महिन्यांत मी अस्तर आणि दोरा उधारीवर आणते. मी बावीस वर्षं शिवते आहे. हे मला कधी दिसलं नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वी एका कंपनीचा फोन आला. मुलीने कुठल्या तरी मोफत वेबिनारला नाव दिलं होतं, तिथून नंबर गेला असावा. ते म्हणाले, अमेरिकेत मुलं शाळेत असतानाच कॉलेजचे कोर्स ऑनलाइन करतात, त्याचं क्रेडिट, म्हणजे पास झालेल्या कोर्सचे श्रेयांक, पुढे धरलं जातं, आमचा सहा महिन्यांचा डेटा सायन्सचा (आकडे तपासून त्यातून अर्थ काढण्याचा) कोर्स तसाच आहे. शेवटी आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट मिळणार, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला त्याचा फायदा होणार. फी ४२,००० रुपये. आज ५,००० भरले तर जागा पक्की, उरलेले हप्त्याने. लेक समोर उभी होती, तिचा चेहरा बघून मी ५,००० भरले.

आता शनिवारपर्यंत हप्त्याच्या कागदावर सही मागत आहेत. अस्तराच्या एका ब्लाऊजचे मी ३५० घेते. ४२,००० म्हणजे माझे १२० ब्लाऊज. मुलीसाठी तेवढे शिवायची माझी तयारी आहे, पण यातून तिच्या हातात खरंच काही पडणार आहे का, एवढंच मला कळायला हवं. आणि हे बरोबर नसेल, तर अकरावीतल्या मुलीने घरी बसून कॉलेजचं शिकण्याचा दुसरा खरा मार्ग कोणता? घरात या क्षेत्रातलं कोणी नाही, म्हणून इथे विचारते.

निवृत्त_गणितशिक्षक

ताई, शनिवारी सही करू नका. तो हप्ता बहुधा कर्जाचा असतो. मुलीने दुसऱ्या महिन्यात कोर्स सोडला तरी कर्ज सुटत नाही.

त्यांना फोन करून तीन गोष्टी विचारा, आणि उत्तर लेखी मागा. परीक्षा कोण घेणार? मुलगी कुठे बसून ती देणार? गुणपत्रिकेवर कोणत्या विद्यापीठाचं नाव असणार? जिथे परीक्षाच नाही, किंवा घरी बसून नुसत्या टिकच्या खुणा करायच्या आहेत, तिथल्या क्रेडिटला कोणी विचारत नाही. प्रवेशाचं म्हणाल, तर महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या याद्या सीईटी आणि जेईईच्या गुणांवर लागतात. खाजगी सर्टिफिकेटचा अर्धा गुणसुद्धा त्यात धरत नाहीत. मी अनेक वर्षं मुलांचे हे फॉर्म भरून दिले आहेत, म्हणून खात्रीने सांगतो.

भरलेल्या ५,००० साठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. पावती आणि त्यांचे व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा, काही पुसू नका.

दुसऱ्या मार्गाबद्दल. आयआयटी आणि बेंगळुरूच्या आयआयएससीने मिळून २००३ साली एनपीटीईएल हा ऑनलाइन शिक्षणाचा उपक्रम सुरू केला. त्यांचे कोर्स आता सरकारच्या स्वयम या वेबसाइटवर असतात. वयाची अट नाही, जेईईची नाही. व्याख्यानं आणि दर आठवड्याचा स्वाध्याय फुकट. सर्टिफिकेट हवं असेल तरच परीक्षेचं शुल्क भरायचं, आणि ती परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. स्वाध्यायाला २५ गुण, परीक्षेला ७५. निवृत्तीनंतर मी एक १२ आठवड्यांचा कोर्स केला. माझ्या एका बाजूला इंजिनिअरिंगचा मुलगा, दुसऱ्या बाजूला पॉलिटेक्निकच्या बाई, आणि तिघांना नियम एकच. बऱ्याच कोर्सच्या व्याख्यानांचं लेखन मराठीतही उतरवलेलं आहे, सेमीच्या मुलीला त्याचा आधार होईल. मात्र त्यातले बहुतेक विषय बी.टेक.च्या मुलांसाठी असतात, नाव बघून भारी वाटलेला कोर्स घेऊ नका. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ओळख करून देणारा 'जॉय ऑफ कम्प्युटिंग' अकरावीच्या मुलीला झेपेल.

कॅलिफोर्निया_मावशी

ताई, अमेरिकेचं नाव घेऊन तुम्हाला जे सांगितलं त्याबद्दल लिहिते, कारण माझा मुलगा तेच करतो आहे.

इथे त्याला ड्युअल एनरोलमेंट म्हणतात. मुलगा हायस्कूलमध्येच आहे आणि संध्याकाळी आमच्या भागातल्या कम्युनिटी कॉलेजचा एक कोर्स ऑनलाइन करतो. त्यासाठी कोणी फोन केला नव्हता. कॉलेजचा अर्ज आम्हीच भरला, त्यावर शाळेच्या समुपदेशकाची सही घेतली, आमची सही दिली. कोर्स किती मोठा ते इथे युनिटमध्ये मोजतात; इथल्या रहिवाशांना युनिटमागे ४६ डॉलर पडतात, आणि हायस्कूलच्या मुलांना बहुतेक कॉलेजांत तेही माफ असतात. आम्ही पुस्तकाचेच पैसे दिले. क्रेडिट मिळतं कारण शिकवणारं, परीक्षा घेणारं आणि गुणपत्रिका देणारं कॉलेज एकच आहे, आणि ते सरकारी आहे. मध्ये विकणारा कोणी नाही.

आणखी एक सांगते, तुमच्याही कामाचं आहे. तो ग्रेड कायमचा राहतो. पंधराव्या वर्षी घेतलेल्या कोर्सला सी मिळाला तर पुढे विद्यापीठाला अर्ज करताना तो दाखवावाच लागतो. ठरलेल्या तारखेनंतर कोर्स सोडला तर गुणपत्रिकेवर डब्ल्यू, म्हणजे कोर्स सोडल्याचा शेरा, येतो. शिवाय मूल कॉलेजात नोंदलं गेलं की इथल्या कायद्याने त्याच्या निकालावर हक्क त्याचा एकट्याचा, वय काहीही असो. मी कॉलेजला विचारलं तर मला सांगत नाहीत. पहिल्या सत्रात तो मागे पडला होता आणि मला ते सहा आठवड्यांनी कळलं, तेही त्याने स्वतः सांगितलं म्हणून. तेव्हापासून रविवारी रात्री तो मला स्वतःहून पान उघडून दाखवतो. तुमची लेक जो कोर्स घेईल त्यात दर आठवड्याला काय देणं आहे, ते दोघी मिळून बघत जा.

बीएस_संगमनेर

काकू, मी संगमनेरचा. आता पुण्यात बी.एस्सी. करतो आणि सोबत आयआयटी मद्रासची ऑनलाइन बी.एस. पदवी करतो, डेटा सायन्सची. एका वेळी दोन पदव्या करायला यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ पासून परवानगी दिली आहे. तुमच्या मुलीच्या वयाचा असतानाच मी यात शिरलो, म्हणून सविस्तर लिहितो.

ही पदवी २०२० मध्ये सुरू झाली. जेईई लागत नाही. दहावीला गणित आणि इंग्रजी असलं पाहिजे. अकरावीची वार्षिक परीक्षा दिली की पात्रता फेरीचा अर्ज भरता येतो. पास झालात तर जागा राहते, पण खरा प्रवेश बारावी पास झाल्यावरच. मी अर्ज भरला तेव्हा फी ३,००० होती.

पात्रता फेरी म्हणजे नुसता पेपर नाही. आधी चार आठवडे शिकवतात: गणित, संख्याशास्त्र, कॉम्प्युटेशनल थिंकिंग आणि इंग्रजी. दर आठवड्याला चारही विषयांचा स्वाध्याय, आणि खुल्या गटाला त्यात सरासरी ४० टक्के मिळाले तरच पेपरला बसू देतात. पेपर चार तासांचा, केंद्रावर जाऊन. पास व्हायला प्रत्येक विषयात ४० आणि एकूण ५० टक्के लागतात. राखीव गटांना थोडे कमी.

गणितात संच, फलन, सरळ रेषा, वर्गसमीकरणं येतात. अकरावीच्या पुस्तकात यातलं बरंच असतं, त्यामुळे मला ते नवीन वाटलं नाही. खरी मजा कॉम्प्युटेशनल थिंकिंगमध्ये आली. तिथे सुरुवातीला कोड नसतोच, पत्त्यांचे गठ्ठे असतात. एका गठ्ठ्यात मुलांचे मार्क, दुसऱ्यात दुकानांची बिलं, तिसऱ्यात एका उताऱ्यातले शब्द. एक पत्ता उचलायचा, त्यावरची गोष्ट बघायची, वहीत नोंद करायची, पत्ता बाजूला ठेवायचा, पुढचा उचलायचा. मग विचारतात की सर्वांत मोठं बिल एकाच फेरीत कसं शोधाल, एकाच दुकानात पुन्हा येणारं गिऱ्हाईक कसं ओळखाल. काकू, तुमच्या मुलीने पावतीपुस्तकांचं जे केलं ते हेच आहे. मला हे समजायला दोन आठवडे गेले होते. तिने कोणी न सांगता केलं.

माझं अडलं इंग्रजीत. व्याख्यानं सगळी इंग्रजीतून, आणि पहिले दहा दिवस मी प्रत्येक व्हिडिओ दोनदा बघायचो, एकदा नुसतं ऐकायला आणि एकदा कळायला. सेमीच्या मुलीला हे जड जाईल, पण जमेल. तिला आधीपासून रोज अर्धा तास इंग्रजी ऐकायची सवय लावा.

माझी एक चूक तिने करू नये. मी ही फेरी बारावीच्या मध्यावर घेतली. एकीकडे जर्नल पूर्ण करायचं, प्रॅक्टिकल तोंडावर, आणि इकडे स्वाध्यायाची तारीख. एका आठवड्यात संख्याशास्त्राचा स्वाध्याय राहूनच गेला. वर्षात तीन सत्रं असतात, जानेवारी, मे आणि सप्टेंबर. अकरावीची परीक्षा संपली की लगेच जी फेरी मिळेल ती घ्या. बारावी सुरू होऊन जोर धरायच्या आत काम आटोपतं. आणि नाही झाली पास, तर काही बिघडत नाही. माझी मैत्रीण पहिल्या वेळी राहिली होती, आता माझ्याबरोबर आहे.

पैशाचं: प्रवेशानंतर जेवढे विषय घ्याल तेवढ्याचीच फी. उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यावर ७५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा.

तोपर्यंत तिने हार्वर्ड विद्यापीठाचा 'सीएस५० पायथन' हा ऑनलाइन कोर्स करावा. तो फुकट आहे, त्यांच्या स्वतःच्या साइटवरून केला तर सर्टिफिकेटही फुकट. व्हिडिओ मोबाइलवर बघता येतात, पण मोबाइलवर कोड लिहिणं म्हणजे डोळे फोडून घेणं. मी वापरलेला लॅपटॉप १८,००० ला घेतला होता, अजून त्याच्यावरच काम करतो. पैसे घालायचेच असतील तर तिथे घाला.

शिलाई_बार्शी

सर्वांचे मनापासून आभार. काकांनी सांगितलेले तिन्ही प्रश्न मी कंपनीला विचारले. परीक्षेचं विचारल्यावर म्हणाले, परीक्षा नाही, प्रोजेक्ट असतो. विद्यापीठाचं नाव लेखी द्या म्हटलं तर दुसऱ्या मॅडमना फोन दिला, आणि त्या म्हणाल्या, तुम्हाला मुलीच्या भविष्यापेक्षा पैसा मोठा वाटतो का. त्या वाक्याने मला रात्रभर झोप आली नाही. मी सही केली नाही. १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, नंबर मिळाला, ५,००० अजून परत आलेले नाहीत.

संगमनेरच्या दादा, तुमचं पत्त्यांचं मी तिला वाचून दाखवलं. तिने माझ्या पावत्यांतल्या मागच्या मार्चच्या चाळीस पावत्या फाडून घेतल्या आणि जमिनीवर मांडल्या. मी एकेक उचलून वाचत गेले, ती वहीत नोंद करत गेली. दुसऱ्यांदा आलेली गिऱ्हाइकं अकरा निघाली. नंतर म्हणाली, आई, आता हेच तिसऱ्यांदा येणाऱ्यांसाठी एकाच फेरीत कसं करायचं ते मला सुचत नाही. जेवायलाही उठेना.

ते स्वाध्यायाचं पान आम्ही दोघी दर रविवारी बघायचं ठरवलं आहे. मावशींचं ते मला पटलं.

एक शंका आहे. दहावीच्या मार्कशीटवर तिचं नाव आडनाव आधी असं आहे आणि आधारवर आडनाव शेवटी. शिवाय आधारवर तिच्या वडिलांच्या नावाचं स्पेलिंग चुकलं आहे. अर्जाला अडचण येईल का?

बीएस_संगमनेर

आडनाव पुढे-मागे असण्याने मला तरी काही अडचण आली नाही, आपल्या बोर्डाच्या सगळ्याच मुलांचं तसं असतं. स्पेलिंगचं मात्र आत्ताच करून घ्या. केंद्रावर ओळखपत्र आणि हॉलतिकीट शेजारी ठेवून बघतात. आणि अर्जात परीक्षेचं शहर निवडायचं असतं, तेव्हा यादीत तुम्हाला सर्वांत जवळचं कोणतं आहे ते नीट बघा. पेपर दिवसाचा असला तरी आदल्या रात्री तिथे पोहोचलेलं बरं.

शिलाई_बार्शी

सोमवारी शिलाई बंद ठेवून तिला घेऊन आधार केंद्रात जाते. लॅपटॉपसाठी भिशीचे पैसे फेब्रुवारीत मिळतील. तोवर शेजारच्या सायबर कॅफेवाल्याने संध्याकाळी एक तास तिला मशीन द्यायचं कबूल केलं आहे, बदल्यात मी त्याच्या बायकोचे दोन ब्लाऊज शिवून देणार आहे.