टीबीच्या गोळ्या चालू असताना ऊसतोडीला जावं का?

धारूरचा पोरगा:
आमच्या आण्णाला श्रावणात टीबी निघाला. आधी दीड महिना नुसता खोकला अन् संध्याकाळचा ताप, गावातल्या डॉक्टरकडं सुया अन् खोकल्याच्या बाटल्या चालू होत्या, शेवटी सरकारी दवाखान्यात बेडका तपासला तवा कळलं. आता दोन महिने गोळ्या झाल्यात, खोकला थांबलाय, वजन 41 चं 45 झालंय. पण मुकादमाची उचल घेतलीय अन् टोळी आठ दिवसांत निघायलीय. आण्णा म्हणायलेत मला काय होत नाही, गोळ्या बास. आई अन् लहाना भाऊपण सोबत जाणार. काय करू?

बांधावरून:
भाऊ, आण्णाला माझं सांगा. 2015 ला मीपण असंच बरं वाटलं म्हणून तिसऱ्या महिन्यात सोडल्या. वर्षभरात परत खोकला, अन् या बारीला साध्या गोळ्या लागू पडेनात. मग दोन वर्षं औषध, त्यात पहिले सहा महिने रोज सुई. आता कानानं कमी ऐकू येतं, लेकरू हाक मारतं ते कळत नाही. हात जोडतो, सोडू देऊ नका.

फिरतीवरचा:
टीबीच्याच कामावर आहे म्हणून नीट सांगतो. पहिल्या दोन महिन्यांत बरेच जंतू मरतात म्हणून माणसाला बरं वाटतं, पण जे सुस्त पडून राहतात त्यांच्यासाठी पुढचे चार महिने असतात. आधी चार औषधं, आता तीन. आठ दिवस आहेत ना, मग उद्याच जा, दोन महिन्यांची बेडक्याची तपासणी राहिली असेल तर करून घ्या, सकाळी उठल्या उठल्याचा खोल खोकून काढलेला बेडका द्या, नुसती थुंकी नको. अन् कुठल्या कारखान्याला चाललात ते सांगा, निक्षयवर, म्हणजे टीबीच्या पेशंटांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, नाव तिकडच्या दवाखान्यात ट्रान्सफर होतं, गोळ्या तिथं फुकट मिळतात. पण लगेच कोयता हातात देऊ नका, डॉक्टरला विचारा, जमलं तर या सालाला मुकादमाशी बोलून बदली माणूस द्या. पोषणाचे महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात का तेपण बघा, नोव्हेंबर 2024 च्या आधी 500 होते.

धारूरचा पोरगा:
दादा, लघवी लाल होते म्हणून आण्णा घाबरलेत, गरम पडतंय म्हणायलेत. अन् आई-भावाचं काय?

फिरतीवरचा:
तो गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन नावाच्या औषधाचा रंग आहे, नारंगी-लाल होतेच, भ्यायचं नाही. डोळे पिवळे झाले, सारखी उलटी झाली, जेवण जाईना तर मात्र त्याच दिवशी दवाखाना, अन् दारू पूर्ण बंद, लिव्हरचा प्रश्न आहे. आई-भावाला निघायच्या आधीच घेऊन या, फडावर एका कोपीत सगळे झोपणार. आजार नाही याची खात्री झाली की त्यांनापण टीबी होऊ नये म्हणून औषध देतात.

धारूरचा पोरगा:
उद्या सकाळी तिघांना घेऊन जातो. मुकादमाशी चुलत्याला बोलायला लावलंय.